एलईडी दिवा : थंड उजेडाची गरम बाजू

नऊ वॉटच्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर ‘आयुष्य २५,००० तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. रोज पाच तास दिवा लावला, तर हे आयुष्य साडेतेरा वर्षांहून अधिक भरते. घरात पाळणा हलला त्या वर्षी लावलेला दिवा ते मूल आठवीत जाईपर्यंत बदलण्याची वेळ येऊ नये, असा या आकड्याचा अर्थ. प्रत्यक्षात अनेक घरांचा अनुभव निराळा आहे. कुठे दिवा वर्षभरातच लुकलुकू लागतो, कुठे दुसऱ्या पावसाळ्यात एकाएकी बंद पडतो, तर कुठे बटण बंद केल्यावरही रात्रभर मंद तेवत राहतो. खोक्यावरचा आकडा खोटा असतो काय? बहुतेक वेळा तो खोटा नसतो. पण तो संपूर्ण दिव्याचा नसतो. दिव्याच्या पोटात पिवळ्या ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या ज्या चिपा बसवलेल्या असतात, त्यांच्या आयुष्याचा तो अंदाज असतो. त्या चिपांना वीज पुरवणारे सर्किट, उष्णता वाहून नेणारे धातूचे पत्रे आणि ज्या झुंबरात वा खोबणीत दिवा बसवला जातो ती जागा यांचा हिशेब त्यात क्वचितच धरलेला असतो. एलईडी दिवा समजून घ्यायचा तर या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

पायरीवरून पडणारा इलेक्ट्रॉन

जुन्या पिवळ्या बल्बचे तत्त्व लोहाराच्या भात्याइतके सरळ होते. टंगस्टनच्या बारीक तारेतून वीज सोडायची, तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि ती तापून जो उजेड देईल तो वापरायचा. या व्यवहारात विजेतील जेमतेम पाच टक्के हिस्सा दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडे, बाकी सारी उष्णता. कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी साठ किंवा शंभर वॉटचे बल्ब टांगले जात ते याच कारणाने. तेथे एलईडी उपयोगाचा नाही. ट्यूबलाइट आणि नंतर आलेला सीएफएल यांनी वेगळा मार्ग धरला. त्यात पाऱ्याच्या वाफेतून वीज सोडून अतिनील किरण निर्माण केले जातात आणि नळीच्या आतील पांढरी भुकटी त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते.

एलईडीत काही तापवावे लागत नाही आणि वायूही भरावा लागत नाही. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जादा असतात, तर दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा असतात. योग्य दिशेने वीज जोडली की जादा इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून या रिकाम्या जागांत उतरतात. जिन्याच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर चेंडू पडावा आणि पडताना ‘टप्’ असा आवाज यावा, तसा प्रत्येक इलेक्ट्रॉन खाली उतरताना प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो. पायरी जितकी उंच, तितकी प्रकाशकणाची ऊर्जा अधिक. लाल रंगासाठी सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीची पायरी पुरते. निळ्यासाठी ती पावणेतीनच्या आसपास लागते. कोणता रंग मिळणार हे तापमान ठरवत नाही, पदार्थ ठरवतो.

स्फटिकातून असा उजेड निघतो, हे हेन्‍री राउंड या ब्रिटिश अभियंत्याने १९०७ साली सिलिकॉन कार्बाइडवर प्रयोग करताना पाहिले होते. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह यांनी त्याचा चिकाटीने अभ्यास केला. पण उपयोगी पडेल असा दृश्य प्रकाशाचा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी तयार केला. १९७० च्या दशकातील कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळांतले लाल आकडे ही त्याचीच कृपा. त्यानंतर पिवळे आणि मंद हिरवे एलईडी आले. निळा मात्र काही केल्या हाती लागेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. त्यामुळे तीन दशके एलईडी रेडिओ-टीव्हीवरील सूचक दिव्यांपुरताच राहिला.

अडचण गॅलियम नायट्राइड या पदार्थाची होती. त्याचा निर्दोष स्फटिक वाढवणे आणि त्यात ‘रिकाम्या जागा’ असलेला थर तयार करणे, दोन्ही इतके अवघड होते की बहुतेक प्रयोगशाळांनी त्याचा नाद सोडला. जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ साली त्यांना नीलमण्याच्या चकतीवर चांगला स्फटिक वाढवता आला आणि १९८९ साली दुसरी अडचणही सुटली. तोकुशिमा येथील एका रसायन कंपनीत जवळपास एकट्याने काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी वेगळ्या वाटेने तेच साधले आणि १९९३ साली प्रखर निळा एलईडी बाजारात आला. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या शोधाबद्दल कंपनीने नाकामुरा यांना दिलेला बोनस अवघा २० हजार येनचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये ८४ कोटी येनवर तडजोड झाली. लाल एलईडीचे जनक होलोन्याक यांना मात्र नोबेल मिळाले नाही. ही उपेक्षा विज्ञानजगतात अनेकांना खटकली, आणि ती खटकावी अशीच होती.

निळ्यापासून पांढरा कसा होतो, हे घरच्या दिव्यातच पाहता येते. बंद दिव्याचे प्लास्टिकचे आवरण पारदर्शक असेल, तर आतील चिपा पिवळ्या दिसतात. हा पिवळेपणा निळ्या चिपेवर लावलेल्या भुकटीचा. निळ्या प्रकाशाचा काही भाग ही भुकटी शोषून घेते आणि पिवळा प्रकाश बाहेर टाकते. उरलेला निळा आणि हा पिवळा एकत्र झाला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. तो सूर्यप्रकाशासारखा दिसतो, पण त्याची घडण वेगळी असते. हा फरक पुढे रंगांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

उजेड थंड, बूड गरम

एलईडीचा उजेड ‘थंड’ असतो, हे अर्धेच सत्य आहे. काचेला हात लावला तर भाजत नाही, हे खरे. पण तासभर चाललेला दिवा होल्डरजवळ धरून पाहिला, तर बूड चांगलेच तापलेले आढळते. बाजारातील साधा दिवा एका वॉटमागे सुमारे १०० ल्युमेन उजेड देतो. त्या हिशेबाने विजेचा साधारण तिसरा हिस्सा प्रकाशात जातो आणि नऊ वॉटच्या दिव्यात सहा वॉटच्या आसपास उष्णता शिल्लक राहते. साठ वॉटच्या बल्बच्या मानाने ती किरकोळ आहे. मग तिची चिंता का?

कारण जुना बल्ब आपली उष्णता स्वतःच फेकून देत असे. तापलेल्या तारेतून अवरक्त किरण काचेतून सरळ बाहेर पडत आणि समोर बसलेल्या माणसाला त्यांची झळ लागे. शिवाय तार तापणे हेच तिचे काम होते. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतात. त्याची उष्णता चिपेच्या मागच्या बाजूस साचते आणि धातूच्या पट्टीतून, दिव्याच्या अंगातून हळूहळू हवेत जाते. हा एकच मार्ग असल्यामुळे तो अडला की उष्णता आतच कोंडते. तापलेली चिप कमी उजेड देते, तिच्यावरची भुकटी लवकर निस्तेज होते. पूर्वी दिव्यांच्या बुडाशी ॲल्युमिनियमचे जाड, कंगोरे असलेले अंग असे. किंमत उतरत गेली तसे ते अंग पातळ झाले आणि त्यावर प्लास्टिक चढले. हातात घेतल्यावर दिवा फारच हलका वाटला, तर ग्राहकाने थोडे सावध व्हावे, ते यासाठी.

२५ हजार तासांचा आकडा कसा येतो, हेही पाहण्यासारखे आहे. दिवा अखंड जळत ठेवला तरी २५ हजार तास भरायला दोन वर्षे दहा महिने लागतात, आणि तेवढी वाट पाहून कोणी नवे मॉडेल बाजारात आणत नाही. म्हणून चिपा ठरावीक तापमानाला सहसा सहा हजार तास, म्हणजे २५० दिवस चालवून पाहतात, उजेड किती घटला ते मोजतात आणि पुढचा अंदाज गणिताने बांधतात. मूळ उजेडाच्या ७० टक्के उजेड उरला की आयुष्य संपले, असे मानण्याचा संकेत आहे. एलईडी बल्बसारखा ‘उडत’ नाही, तो म्हातारा होत जातो, ही कल्पना त्यामागे आहे.

चिपेच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण घरातले दिवे म्हातारे होऊन मरत नाहीत, अकाली जातात, आणि त्यांचे मरण बहुधा ‘ड्रायव्हर’ नावाच्या सर्किटमध्ये असते. घरातील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. चिपेला हवा असतो एकाच दिशेचा, नेमका मोजलेला प्रवाह. हे रूपांतर दिव्याच्या बुडात बसवलेला ड्रायव्हर करतो. त्यातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ही छोटी डबी. तिच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ ठोकताळा आहे. एखाद्या उघड्या होल्डरात जो दिवा आठ वर्षे चालला असता, तोच बंद काचेच्या गोळ्यात वीस अंश अधिक तापला तर दोन वर्षांत संपतो. न्हाणीघरातील बंद झाकणाचे दिवे, फॉल्स सीलिंगमधील खोबणी आणि तोंड खाली करून टांगलेले दिवे यांची तक्रार अधिक का येते, याचे उत्तर येथे आहे. खाली तोंड करून लावलेल्या दिव्यातील ऊब वर चढते आणि वर नेमका ड्रायव्हर असतो.

दुसरा शत्रू म्हणजे विजेच्या दाबातील झटके. वीज जाऊन परत येताना किंवा जवळपास वीज कोसळली असता तारांतून क्षणभर मोठा दाब येतो. चांगल्या दिव्यात तो झेलणारा भाग असतो. स्वस्त दिव्यात पहिली काटकसर तिथेच होते. तिसरे कारण म्हणजे बहुतेक दिव्यांत चिपा माळेसारख्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. एक जळाली की माळ तुटते आणि सारा दिवा अंधारतो. जळालेल्या चिपेवर अनेकदा टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो. रस्त्याकडेचे दुरुस्ती कारागीर ती चिप ओलांडून जोडणी करून देतात. दिवा पुन्हा लागतो खरा, पण उरलेल्या सर्किटवरचा ताण वाढतो आणि हे समाधान फार काळ टिकत नाही. घरी मात्र असे प्रयोग करू नयेत. अनेक स्वस्त दिव्यांत चिपांची पट्टी थेट घरच्या विजेशी जोडलेली असते. वरचे झाकण काढून दिवा लावणे म्हणजे उघड्या तारेशी खेळ आहे.

वॉट नव्हे, ल्युमेन पाहा

‘साठचा बल्ब द्या’ ही भाषा दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे. वॉट हे विजेच्या खर्चाचे माप, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन. साठ वॉटचा जुना बल्ब साधारण ७०० ल्युमेन देत असे आणि नऊ वॉटचा बरा एलईडी ९०० ल्युमेनच्या आसपास देतो. दोन नऊ वॉटच्या दिव्यांत एक ७५० आणि दुसरा ९५० ल्युमेनचा असू शकतो. दुकानात दोन्हींची किंमत विचारली जाते, ल्युमेन कोणी विचारत नाही. उजेड मात्र त्यानेच ठरतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल एलईडी दिव्यांना २०१८ पासून सक्तीचे झाले असून त्यावरील तारे वॉटमागे किती ल्युमेन मिळतात यावरच ठरतात.

बचतीचा हिशेब मांडला तर तो थोडा चकित करणारा आहे. साठ वॉटचा बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरले, तर ही रक्कम साडेसातशेच्या जवळ जाते. पण ज्यांच्याकडे आधीच पंधरा वॉटचा सीएफएल होता, त्यांची बचत वर्षाला अवघी अकरा युनिट. सर्वांत गमतीची गोष्ट ‘झिरो’च्या बल्बची. देवघरात किंवा पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा हा बल्ब शून्य वीज खातो, असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात तो सुमारे पंधरा वॉटचा असे. रोज दहा तासांप्रमाणे वर्षाला ५५ युनिट! अर्ध्या वॉटचा एलईडी तेच काम दोन युनिटांच्या आत करतो.

देशात एलईडीचा प्रसार झाला तो प्रामुख्याने किमतीमुळे. २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त सीएफएलवर भर होता. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीने दिवे घाऊक खरेदी करून वीज कंपन्यांमार्फत वाटले. अनेक ठिकाणी पैसे वीजबिलातून हप्त्याने घेण्यात आले. २०१४ साली या दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती, २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. इतक्या वेगाने स्वस्त झालेली दुसरी घरगुती वस्तू सहज आठवत नाही. या घसरणीत बाजारातील काही उत्पादकांनी कुठे हात आखडला, ते वर आलेच आहे.

पांढऱ्याचे रंग

२०१५ च्या सुरुवातीस मुंबईत मरीन ड्राइव्हवरील पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावण्यात आले आणि ‘राणीचा रत्नहार’ एकदम फिका पडला, अशी ओरड झाली. राजकीय वादही रंगला. अखेर तेथे पिवळसर छटेचे एलईडी आले. वाद सौंदर्याचा होता, पण त्यामागचे शास्त्र प्रत्येक घरात लागू आहे. एलईडी म्हणजे पांढराशुभ्र उजेडच, असे नाही. भुकटीचे मिश्रण बदलले की छटा बदलते.

ही छटा केल्विनमध्ये सांगतात. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. येथे एक विरोधाभास आहे. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका तो दिवा ‘कूल’ म्हणून विकला जातो आणि लहान आकड्याचा ‘वॉर्म’ म्हणून. लोखंड अधिक तापले की तांबड्याकडून पांढऱ्याकडे जाते, त्यावरून हे माप आले. माणसाला मात्र निळे थंड आणि पिवळे उबदार वाटते. आपल्याकडे ६५०० चाच खप मोठा. अधिक पांढरे म्हणजे अधिक उजेड, या समजुतीचा त्यात वाटा आहे. अभ्यासाच्या टेबलावर किंवा ओट्यावर हा प्रकाश सोयीचा. पण दिवाणखान्यात आणि शयनगृहातही तोच लावला की घराला बँकेची कळा येते.

शयनगृहाबाबत एक वैद्यकीय बाबही आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याशी थेट संबंध नसलेल्या, दिवस-रात्रीची खबर मेंदूला देणाऱ्या काही पेशी असतात, हे या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. निळसर प्रकाशाला त्या अधिक प्रतिसाद देतात आणि झोपेशी निगडित मेलाटोनिनचे स्रवणे लांबते. झोपण्यापूर्वीचे एक-दोन तास मंद, पिवळसर दिवा लावावा, या सल्ल्याला हा आधार आहे. एलईडीच्या निळ्या प्रकाशाने डोळेच बिघडतात, ही भीती मात्र घरगुती दिव्यांच्या बाबतीत अवास्तव वाटते. घरातील खोलीत उजेड शंभर ते तीनशे लक्स असतो. दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात जातो, आणि आकाशाचा निळा त्यातच असतो.

रंग ओळखण्याची गोष्ट निराळी. निळी चिप आणि पिवळी भुकटी यांच्या मिश्रणात लाल रंग तोकडा पडतो. त्यामुळे दुकानात घेतलेली डाळिंबी साडी घरी वेगळीच दिसते, किंवा शिजवलेल्या भाजीचा रंग उतरल्यासारखा वाटतो. रंग कितपत खरे दिसतात, हे ‘सीआरआय’ या आकड्याने सांगतात. जुन्या बल्बचा तो शंभर. साध्या एलईडीचा ऐंशीच्या आसपास. नव्वदचे दिवे महाग असले तरी कपड्यांच्या कपाटासमोर किंवा आरशापाशी एक लावण्यासारखा असतो. सराफ सोन्यावर पिवळसर आणि हिऱ्यांवर निळसर प्रकाश टाकतात, ते याच ज्ञानाच्या बळावर. दिवाळीच्या लाल आकाशकंदिलात ६५०० केल्विनचा दिवा लावला, तर तो मलूल दिसतो. लाल कागद फक्त लाल प्रकाश बाहेर जाऊ देतो आणि या दिव्याजवळ लालच थोडा असतो. २७०० केल्विनचा दिवा लावला की तोच कंदील खुलतो.

लुकलुक आणि बंद दिव्याचा उजेड

मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर रोखला आणि पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या, तर तो दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो, असे समजावे. डोळ्याला ते जाणवत नाही. कपॅसिटरवर काटकसर केल्याची ती खूण असते. काही व्यक्तींना अशा उजेडात वाचताना डोकेदुखी होते. कारखान्यातील लेथसारख्या फिरत्या यंत्राजवळ तर असा दिवा धोक्याचा, कारण फिरणारा भाग स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. ट्यूबलाइटच्या काळापासून हा धोका माहीत आहे.

बटण बंद केल्यावरही मंद तेवणारा दिवा हे अनेक घरांतले कोडे आहे. जुन्या बल्बची तार पेटवायला मोठा प्रवाह लागे. एलईडी मात्र अत्यल्प प्रवाहावरही चमकतो. भिंतीतील लांब नळीत दोन तारा शेजारून जात असतील तर एकीतून दुसरीत किंचित वीज झिरपते. बटणात रात्री दिसावा म्हणून बारीक सूचक दिवा असेल, तर त्याच्यामार्फतही थोडा प्रवाह जातो. या दोन कारणांत धोका नाही. तिसरे कारण मात्र गंभीर आहे. बटण फेजच्या तारेवर बसवण्याऐवजी न्यूट्रलवर बसवले गेले असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज पोहोचलेला असतो. दिवा बंद आहे असे समजून ओल्या हाताने किंवा लोखंडी स्टुलावर उभे राहून तो बदलणाऱ्याला जिवावर बेतणारा धक्का बसू शकतो. जुन्या बल्बच्या काळात ही चूक वर्षानुवर्षे झाकून राहत असे, एलईडी ती उघड करतो. असा दिवा आढळल्यास तो बदलून पाहण्यात वेळ न घालवता परवानाधारक वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी आणि तोवर मेन स्विच बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावू नये.

खोक्यावर ‘पॉवर फॅक्टर’ असाही एक आकडा असतो. तो ०.९ च्या वर असलेला बरा. स्वस्त दिव्यात तो ०.५ वरही असतो. त्याने घरचे बिल वाढत नाही, पण वीज कंपनीच्या तारांना आणि ट्रान्सफॉर्मरला जादा प्रवाहाचे ओझे वाहावे लागते.

रात्र आणि कचरा

उजेड स्वस्त झाला की माणूस तो अधिक वापरतो. इमारतींच्या भिंती, जाहिरातफलक, झाडांची खोडे सारे काही झगमगू लागले आहे आणि शहराच्या आकाशातले तारे मावळले आहेत. पांढऱ्या एलईडीतील निळा घटक हवेत अधिक विखुरतो, त्यामुळे आकाशावरची धूसर उजेडाची साय दाट होते. या बाबतीत महाराष्ट्रातच एक उलट उदाहरण घडले. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी परिसरातील गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे जाईल अशी व्यवस्था करण्यात आली. एका दिशेने प्रकाश टाकणे हा तर एलईडीचा अंगभूत गुण. शहरांतल्या सोसायट्यांच्या आवारातही वर झाकण असलेले, पिवळसर छटेचे दिवे लावणे अवघड नाही.

बंद पडलेल्या दिव्याचे काय करावे, हा प्रश्न उरतो. एलईडीत पारा नसतो. फुटलेल्या सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम असतो. तो फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे आणि नंतर तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने गोळा करावेत. एलईडी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकण्याची वस्तू मात्र नाही. त्यात ॲल्युमिनियम, तांबे, सर्किटची पट्टी आणि प्लास्टिक एकत्र असते, म्हणून तो ई-कचऱ्यात द्यावा. त्याआधी खोक्यावरील हमीची मुदत पाहावी. बऱ्याच कंपन्या एक ते तीन वर्षांची हमी देतात आणि बिल दाखवल्यास दिवा बदलून देतात. बिल जपून ठेवले नसले, तरी दिव्याच्या अंगावर छापलेला उत्पादनाचा महिना पाहून दुकानदार तो बदलून देण्याची शक्यता असते.